आठ पावलं आणि एक वळण

"पासवर 'पायी' लिहिलंय. 'धावत' असं कुठे लिहिलंय?"

चौकातल्या पोलिसाने पहिल्याच दिवशी मला हे विचारलं होतं. सकाळी सव्वासात वाजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि पाठीवर बॅग टाकून एक चाळिशीची बाई त्याच्या दिशेने पळत येतेय. त्याचंही काही चुकलं नव्हतं. व्यायामाला बाहेर पडणाऱ्यांना पकडायचं असं त्याला वरून सांगितलेलं होतं, आणि दोन दिवसांत त्याला कोणी सापडलंच नव्हतं.

"दादा, धावताना माणूस पायच वापरतो," मी म्हणाले.

त्याने पास उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. मग म्हणाला, "बरं, पण हळू धावा."

त्यानंतर रोज त्याची नि माझी भेट व्हायची. "मॅडम, आज तीन मिनिटं उशीर," किंवा "आज कोणी मागे लागलंय का?" एवढंच बोलणं. आता त्या चौकात सिग्नल बसलाय. तीन-तीन वेळा हिरवा लागतो तरी गाडी हलत नाही. तिथे अडकले की मला तो रिकामा चौक दिसतो आणि चक्क बरं वाटतं. किती लोकांची माणसं गेली त्या दिवसांत. त्यामुळे त्या दिवसांची आठवण येते असं चारचौघांत बोलायची सोय नाही. पण येते. मी खोटं कशाला बोलू? त्या वर्षी खोटं बोलायचं ते बोलून झालंय.

मी आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. लॉकडाऊन लागला आणि काही दिवसांनी रुग्णालयातल्या खाटा संपल्या. ज्यांना कमी त्रास आहे त्यांना घरीच वेगळ्या खोलीत ठेवायचं, आणि रोज कोणीतरी दारात जाऊन त्यांची विचारपूस करायची असं ठरलं. ते 'कोणीतरी' म्हणजे मी. बेचाळीस घरं माझ्या वाट्याला आली. माझी स्कूटर आधीच गॅरेजमध्ये होती, गॅरेजला कुलूप, बस बंद. पहिले दोन दिवस चालत गेले. बेचाळिसावं घर यायला संध्याकाळचे सात वाजले आणि केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी दोनपर्यंत आकडे हवेत म्हणून फोनवर माझी हजेरी घेतली. तिसऱ्या दिवशी मी धावायला लागले.

शाळेत मी आठशे मीटर धावायची. एकदा जिल्ह्यात दुसरी आले होते, तेही पुढची पडली म्हणून. पण पायाला सवय होती. घरात मला लहानपणापासून भिंगरीच म्हणत. माझ्या आत्याने ते नाव ठेवलं. तिच्या मते देवाने मला पाय दिले आणि मग बसायचं सामान द्यायला विसरला.

काम सोपं होतं. दारात उभं राहायचं, अंगावर एप्रन चढवायचा, ताप विचारायचा, आणि सहा मिनिटांची चाल करून घ्यायची. म्हणजे असं: आधी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि आकडा बघायचा. मग खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायचं. मग पुन्हा आकडा. बसल्या जागी माणूस ठणठणीत दिसतो, गप्पा मारतो, पण चालला की आकडा घसरतो. तीनने किंवा त्याहून जास्त घसरला तर थांबायचं नाही, तडक रुग्णालय. हा आजार लबाड होता, आणि त्याची लबाडी उघडी पाडायला एवढी सहा मिनिटं पुरायची.

पण माणसंही काही कमी नव्हती. रुग्णालयात जायचं नाही म्हणून लोक काय काय करायचे. एक काका कालचाच आकडा आज सांगायचे. एका घरी सासूचा चिमटा सुनेच्या बोटाला लावलेला मी पकडला. सासू नव्वदीची आणि आकडा विशीचा, मला काय वेड लागलं होतं? एक दुकानदार दाराआडून "चाललो, चाललो" असं नुसतं ओरडायचा. मी त्याला म्हणायची, "आवाजात जरा तरी धाप आणा हो." सहा मिनिटं चाललेल्या माणसाचं बोलणं कसं येतं, पाऊल कसं वाजतं, हे मला दाराबाहेरून कळायला लागलं होतं. माझ्या हातून चोर सुटत नसे. केंद्रात मी ते मिरवायचीसुद्धा.

घरी आम्ही तिघं. माझा नवरा आणि मुलगी सुटीला माझ्या सासरी गेले होते, ते तिकडेच अडकले. इथे मी, माझे बाबा आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. घराला वर एकच लांबट खोली, फळ्यांच्या जमिनीची. ती बाबांची. तिच्या बरोबर खाली तेवढ्याच मापाची अडगळीची खोली होती, तिला अंगणातून वेगळं दार होतं. लॉकडाऊन लागला त्या दिवशी मी ती झाडून घेतली आणि तिथे राहायला गेले. आत्या माझं ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि चार पावलं मागे जाऊन मी जेवते की नाही ते बघत उभी राहायची.

बाबा मोजणी खात्यात होते. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यांचं एक पाऊल म्हणजे अडीच फूट, एक दोरा कमी नाही की जास्त नाही, आणि त्या पावलावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. मोजणीची सरकारी साखळी चुकेल, पाऊल चुकणार नाही, असं ते म्हणत. आत्या सांगते, आईला बघायला गेले तेव्हा ते मुलीकडे न बघता अंगण मोजून आले होते. "अंगण चांगलं मोठं आहे," एवढंच घरी येऊन सांगितलं, आणि तोच होकार समजून लग्न ठरलं.

एका गुरुवारी बाबांना ताप आला. शनिवारी तपासणीचा कागद आला. आजार घरात कोणी आणला हे आमच्यात कोणी बोललं नाही. घराबाहेर जाणारी मी एकटी, त्यात बोलायचं काय होतं?

मी वर जायला निघाले तर बाबांनी जिन्याच्या तोंडाशीच मला थांबवलं. दार अर्धं लावून ते आतून बोलले.

"वर यायचं नाही. तू आलीस की तुलाही चौदा दिवस घरी बसवणार. बरोबर ना?"

"हो, पण..."

"दुसरी सिस्टर आधीच आजारी आहे म्हणालीस. मग बेचाळीस घरांना कोण बघणार? आत्या?"

आत्या खालून म्हणाली, "मी बघेन की. सगळ्यांना रुग्णालयात पाठवून मोकळी होईन."

तर ठरलं असं. आत्याने जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचं. चिमटा मी दिला. रोज संध्याकाळी सहाला, मी अंघोळ करून खोलीत आले की, बाबांनी वर चालायचं आणि खिडकीतून आकडे सांगायचे.

पहिल्या दिवशी ते दोन मिनिटांतच वैतागले. "हे काय घाण्याच्या बैलासारखं," वरून आवाज आला. मी म्हटलं, चला, मीही चालते. खोली तेवढीच, वेळ तोच. मग वर बाबा आणि खाली मी. फळ्या जुन्या होत्या, सगळं ऐकू यायचं. आठ पावलं, मग वळताना एक घासलेलं अर्धं पाऊल, पुन्हा आठ. दोन दिवसांत माझं पाऊल त्यांच्या पावलात बसलं. दिवसभर मी धावलेली असायची, पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या, तरी ती सहा मिनिटं मला कधी जड गेली नाहीत. लहानपणी बाबा मोजणीला दूरदूर असायचे, महिन्यातून दोनदा घरी यायचे. एवढं रोज, ठरल्या वेळी, त्यांच्याबरोबर मी आयुष्यात कधी चालले नव्हते. मध्ये फळ्या होत्या, पण बरोबरच म्हणायचं.

चालून झालं की मी अंगणात खिडकीखाली उभी राहायची आणि ते वर खिडकीत येऊन बसायचे.

"सत्त्याण्णव होता, शहाण्णव झाला. लिही. आज पावलं किती झाली तुझी?"

पावलं मोजायची सवय त्यांनीच मला लावली होती. मी सांगायची, सतरा हजार चारशे. मग कुठून कुठे गेले ते सगळं त्यांना हवं असायचं. मी घरांना नावं ठेवलेली. खोकल्याचा बंगला, कुत्र्याचं घर, तीन भाऊ आणि एक संडास, रडकी नवरी. बाबा डोळे मिटून ऐकायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "कागद घे." ते वरून सांगत गेले आणि मी खाली काढत गेले. माझी बेचाळीस घरं, गल्ल्या, बोळ, सगळा नकाशा. ज्या भागात ते दहा वर्षांत फिरकले नव्हते तिथल्या बोळाची रुंदीसुद्धा त्यांना पाठ होती.

"तू वेडी आहेस," ते शेवटी म्हणाले. "कुत्र्याच्या घरून पुढे जातेस आणि परत मागे येतेस. बंगल्यामागून फाटक आहे ना? उघडायला सांग. आधी नवरी घे, मग भाऊ. बाराशे पावलं वाचतील."

दुसऱ्या दिवशी मी तशी धावले. अकराशे ऐंशी वाचली. हे ऐकल्यावर बाबा वीस पावलांसाठी हळहळले आणि तू कुठेतरी वाकडी धावलीस असा आरोप केला. मी म्हटलं, मध्ये बैल बसला होता. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बापाला ताप आणि लेकीला खूळ." त्या संध्याकाळी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी चिमटा लावायला सांगितला. शहाण्णव. जीव भांड्यात पडला.

सातव्या दिवशी सहा वाजता वर पावलं सुरू झाली आणि मीही चालायला लागले. आठ पावलं झाली, मी वळले. वर वळण आलं नाही.

नववं पाऊल. दहावं. मला वाटलं माझंच चुकलं. मी पुन्हा त्यांचं पाऊल धरलं आणि मोजलं. पंधरा, सोळा, वीस. एका सुरात, एकाच जागी, टप, टप, टप. आमच्या घराची भिंत पडून खोली रस्त्यापर्यंत वाढली असती तरच एवढं सरळ चालता आलं असतं.

मी थांबले. खोलीच्या मधोमध, वर बघत. वरची पावलं वाजत राहिली. सहा मिनिटं मी तशीच उभी होते.

मग खिडकी उघडली. मी अंगणात गेले.

"पंचाण्णव, चौऱ्याण्णव," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता. "आज गप्पा नकोत. दमली असशील तू."

मी म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा हिशोब मला पुढे चार वर्षं लागला नाही. मी सिस्टर. पंधरा वर्षांची नोकरी. दाराबाहेरून चोर ओळखणारी. बाबा खाटेवर बसून पाय आपटतायत हे मला पहिल्या मिनिटात कळलं होतं. पण मी मनाला समजावत गेले. गुडघा दुखत असेल. जागच्या जागी चालत असतील. चौऱ्याण्णव म्हणजे काही वाईट नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी जे होतं ते मी बघत नव्हते. माझ्या यादीतली सहा माणसं तोपर्यंत रुग्णालयात गेली होती. त्यांपैकी खोकल्याच्या बंगल्यातल्या आजोबांना मीच गाडीत बसवलं होतं. ते मला हात करत गेले आणि त्यांच्या घरच्यांना पुन्हा दिसले नाहीत. कोणाला आत सोडत नव्हते. बाबांना गाडीत बसवलं की ती शेवटची भेट, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. न बघण्याला कानाडोळा म्हणतात. मी तर चक्क कानांनीच कानाडोळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याशी उभी राहून विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" वरून उत्तर आलं, "उत्तम. जा तू, उशीर होईल." आणि मी गेले. चौकातला पोलीस म्हणाला, "आज वेळेच्या आधी." मी बंगल्यामागच्या फाटकातून, बाबांनी सांगितलेल्या वाटेने धावले. प्रत्येक दारात तेच बोलले, खोटा आकडा सांगू नका, तुमच्याच जिवाशी खेळ आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अठरा घरं मी हे बोलले.

एकोणिसाव्या घरी एक आजी होत्या. काठी घेऊन चालायच्या, आणि त्यांची सात-आठ वर्षांची नात दाराच्या फटीतून मोजणी करायची. खोली छोटी. आजींना कमी दिसायचं, म्हणून भिंत आली की नात सांगायची, "आजी, वळा." त्या वळायच्या. पुन्हा, "आजी, वळा." मी दाराबाहेर घड्याळ धरून उभी होते. चौथ्या की पाचव्या 'वळा'ला माझे डोळे भरून आले आणि मला ते घड्याळ दिसेना.

सहा मिनिटं पुरी होईपर्यंत मी थांबले. आजींचा आकडा लिहिला. छान होता. मग एप्रन काढला, पिशवीत कोंबला आणि घराकडे धावत सुटले. तेवीस घरं राहिली होती. ती मी त्या दिवशी केली नाहीत.

तिथून आमचं घर दोन हजार शंभर पावलं. जिल्ह्याच्या शर्यतीत मी जेवढी धावले नव्हते तेवढी धावले. पोलिसाने मला लांबूनच पाहिलं आणि अडथळा बाजूला ओढला.

आत्या जिन्याखाली बसली होती, पदराने वारा घेत.

"वर जायचं नाही म्हणालाय तो."

"माहीत आहे."

"सकाळचं ताट तसंच आहे गं," ती म्हणाली. "मला म्हणाला, भिंगरीला सांगू नकोस. मी म्हटलं, आज आली की सांगणारच." तिचा आवाज कापत होता. आत्याचा आवाज कापलेला मी आईच्या वेळी एकदाच ऐकला होता.

बाबा खाटेच्या कडेला बसले होते. पायात बूट, लेस बांधलेल्या. खांदे वरखाली होत होते. मी चिमटा त्यांच्या बोटाला लावला. चौऱ्याऐंशी. बसल्या जागी चौऱ्याऐंशी.

"काल चाललाच नाहीत ना?"

"उभं राहिलं की खोली फिरते गं."

"म्हणून बसून पाय वाजवलेत?"

"वाजवले."

"बाबा, मग वळण कुठे गेलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला की खोटं पकडलं गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

"वळण राहिलं खरं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मोजणी केली मी. वळण विसरलो."

आत्या नियम मोडून जिन्यात अर्ध्यावर आली होती. तिने कपाळाला हात लावला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. हिच्या घरातच चोर आणि ही गावभर धरतेय." असं म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

गाडीसाठी फोन लावला. लागत नव्हता. पंधरा वेळा लावला. मग मी पुन्हा धावले, केंद्रापर्यंत, दोन हजार सहाशे पावलं. ड्रायव्हर नुकताच एकाला सोडून आला होता आणि गाडी धूत होता. त्याने माझा चेहरा पाहिला, पाण्याचा पाईप तसाच टाकला आणि म्हणाला, "बसा." एवढाच शब्द. त्याच्या त्या एका शब्दाचे उपकार मी फेडू शकत नाही.

बाबांना गाडीत बसवलं. त्यांनी हात केला नाही, दोन्ही हातांनी कडेची दांडी धरली होती. दार लागलं.

मला चौदा दिवस घरी बसवलं. माझी घरं दुसऱ्या केंद्रातल्या एका ब्रदरला दिली. त्याला मी बाबांचा नकाशा पाठवला. तो म्हणाला, "सिस्टर, हा कोणी काढला? मी एक वाजताच मोकळा होतो." हे बाबांना सांगायला मी अंगणात गेले आणि खिडकीखाली जाऊन मग आठवलं की वर कोणी नाही. सहा वाजले की मी खाटेवर बसून राहायची. फळ्या गप्प. आत्या उंबऱ्यावर ताट ठेवायची आणि आता मागे जायची नाही, तिथेच बसायची. माझं काय व्हायचं ते होऊ दे, म्हणायची. सुदैवाने तिला काही झालं नाही. तिच्या वाटेला जायची आजाराची छाती नव्हती.

रुग्णालयातून दिवसातून एकदा फोन यायचा. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "एक दिवस आधी आणायला हवं होतं. फुप्फुसं बरीच खराब झालीत." मग म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तर यातल्याच." ते रागावले नव्हते. थकलेले होते, शंभर जणांना ते हेच सांगत असणार. मी म्हटलं, "हो, सर." आणि फोन ठेवला. तो एक दिवस कुठे गेला हे जगात फक्त मला माहीत होतं.

एकोणिसाव्या दिवशी बाबा परत आले. दोन माणसांनी धरून आणले. निम्मे झाले होते. ऑक्सिजनचं यंत्र बरोबर आलं, नाकात नळी, आणि जिना चढायचा नाही असा हुकूम. माझ्या खालच्या खोलीत त्यांची खाट लावली. वरची खोली बंद झाली ती झालीच. खाटेपासून दारापर्यंत पाच पावलं होती, ती चालायला त्यांना मध्ये एकदा बसावं लागायचं. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं राहिलं नव्हतं. आता किती भरतं ते त्यांनी मोजलं नाही, मीही विचारलं नाही.

लॉकडाऊन उठला. नवरा आणि मुलगी आली. दुकानं, शाळा, बस, सगळं सुरू झालं. स्कूटर दुरुस्त झाली, मी धावायची बंद झाले. खोकल्याच्या बंगल्याच्या फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. लोक मला रस्त्यात भेटायचे आणि मास्कशिवाय ओळखायचे नाहीत. मी मात्र त्यांना चालीवरून ओळखायची. बाबा अधूनमधून विचारायचे, रडकी नवरी कशी आहे गं? मी सांगायची, आता रडत नाही, नवऱ्याला रडवते.

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. त्या चार वर्षांत एक दिवस असा गेला नाही की यंत्राची घरघर ऐकली आणि मला माझं ते 'बरं' आठवलं नाही. सांगावंसं शंभरदा वाटलं. पण सांगून मोकळी होणार मी, आणि ते ओझं जाणार त्यांच्या छातीवर. तिथे आधीच जागा नव्हती.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपार होती. आत्या पलीकडे घोरत होती. मी बाबांची नखं कापत होते. त्यांचा हात हलका झाला होता, तळहातावर ठेवला तरी जाणवायचा नाही. डाव्या हाताची बोटं होत आली होती.

"त्या दिवशी तुला कळलं होतं ना?" बाबा म्हणाले.

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही. नेलकटर थांबलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"तू खाली थांबलीस की." बोलताना त्यांना मध्ये श्वास घ्यायला लागायचा. "रोज माझ्याबरोबर वाजायचीस. त्या दिवशी मध्येच थांबलीस. मी म्हटलं, पकडला गेलो. आता येईल वर. वाजवत राहिलो आणि जिन्याकडे बघत राहिलो. तू काही आली नाहीस."

मला मान वर करता येईना. चार वर्षं मी जे एकटीचं समजत होते ते त्यांच्याकडेही होतं, तितकेच दिवस.

"मी तेव्हाच यायला हवं होतं, बाबा."

"छे. मला किती बरं वाटलं सांगू? म्हटलं, पोरीला सगळं कळलंय, आणि तरी तिने मला एक दिवस दिला. घरातला. रात्री झोप छान लागली मला."

"दिला नव्हता हो." माझा आवाज फुटला. "तुम्हाला समजलंय तसं काही नव्हतं. मी घाबरले होते. नेलं की तुम्ही परत यायचे नाहीत, म्हणून घाबरले आणि गप्प बसले."

बाबांनी डावा हात काढून घेतला आणि उजवा माझ्यापुढे ठेवला.

"एकच गं ते," ते म्हणाले.